आमच्या मुलांच्या चित्रात नारळच का?

जयंतीच्या आठवड्यात करमाडला मुलांची चित्रकला स्पर्धा होती. विषय होता निसर्गचित्र. परीक्षक म्हणून आम्हाला बोलावले होते. चित्रकलेत आमचा अधिकार किती हे आम्हाला ठाऊक आहे. पण चार अक्षरे लिहितो म्हणून लोक मानाने बोलावतात आणि आम्ही जातो. विहारात सतरंज्या अंथरल्या होत्या. चाळीसएक मुले पोटावर पडून, कुणी मांडी घालून, जीभ बाहेर काढून रंगवत होती. दोन तासांनी चित्रे आमच्यापुढे आली.

चित्रे पाहिली आणि वाटले, एकच चित्र चाळीस वेळा पाहतो आहोत. दोन त्रिकोणी डोंगर, मधून उगवणारा सूर्य, आकाशात चारच्या आकड्यासारखे पक्षी, लाल कौलांची झोपडी, डोंगरातून रस्त्यासारखी उतरलेली निळीशार नदी आणि तिच्या काठी वाकलेले नारळाचे झाड. आता करमाड म्हणजे काही कोकण नव्हे. छत्रपती संभाजीनगरहून जालन्याकडे निघाले, शेंद्र्याची औद्योगिक वसाहत मागे पडली, की हे गाव लागते. येथे लिंब आहे, बाभूळ आहे, चिंच, करंज, वड, उंबर आहे. नदीला बारमाही निळे पाणी नाही. पावसाळ्यात ओढा गढूळ होऊन धावतो आणि उन्हाळ्यात त्याची डबकी उरतात.

मागे बसलेल्या एका आजीने नातवाला विचारलेच, “काय काढायलास रं बाबा?”

“नारळ.”

“नारळ दुकानात पाह्यलास. झाडाला कवा पाह्यलास?”

सगळे हसले. आम्हीही हसलो. पण आजीच्या प्रश्नाचे उत्तर आमच्याजवळ नव्हते.

त्या चाळिसांत एक चित्र वेगळे होते. सातवीतल्या एका मुलीचे. वडील शेंद्र्याला कंपनीत कंत्राटी कामगार, आई हंगामात कापूस वेचायला जाते. तिने गावाबाहेरच्या ओढ्यावरचा जुना उंबर काढला होता. पुराने काठची माती वाहून गेलेली, त्यामुळे मुळ्या अर्ध्या उघड्या पडून हवेत लोंबणाऱ्या. खाली चिखल आणि काळपट पाणी. पाण्यात झाडाची काळी सावली. एका मुळीला प्लास्टिकची पिशवीसुद्धा अडकलेली. कागदभर तपकिरी, काळा आणि राखी रंग. आम्ही ते चित्र दोनदा हातात घेतले आणि दोनदा खाली ठेवले. पहिला क्रमांक दिला एका नीटनेटक्या, चकचकीत नारळाला.

बक्षीस वाटप झाल्यावर ती मुलगी जवळ आली. “सर, माझ्या चित्रात काय चुकलं?” आम्ही म्हणालो, “रंग जरा स्वच्छ पाहिजे होते.” ती “बरं” म्हणून गेली. वाचक बंधू-भगिनींनो, हे उत्तर आम्हाला पुढे आठ महिने टोचत राहिले. का, ते सांगण्यासाठी हा लेख लिहीत आहोत.

दहाव्या लेण्यातला वड

डिसेंबरात करमाडच्या तरुणांनी अजिंठ्याची सहल काढली. भाड्याची गाडी, घरून बांधून घेतलेल्या भाकरी, ठेचा. ती मुलगी आणि तिची आईही होती. करमाडहून अजिंठा सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. सिल्लोड, अजिंठा गाव आणि घाट ओलांडून फर्दापूरच्या फाट्यावर गाडी सोडावी लागते. तेथून लेण्यांपर्यंतचे चारएक किलोमीटर तिथल्या बसने जायचे. वाघोरा नदीने घोड्याच्या नालासारखे वळण घेतले आहे आणि त्या वळणाच्या उंच कड्यात ही तीस लेणी कोरली आहेत. म्हणजे मुळात ही जागाच पाण्याकाठची. पावसाळ्याचे तीन महिने भिक्खू वर्षावासासाठी येथे राहत, तेव्हा समोर धबधबा कोसळत असे आणि दरी हिरवी होत असे. भिंतीवर झाडे आणि तळी काढणाऱ्यांना समोर बघायला काही कमी नव्हते.

बहुतेक लोक पहिल्या लेण्यातील पद्मपाणी पाहतात, सव्विसाव्यातील महापरिनिर्वाणाची मूर्ती पाहतात आणि परततात. आमची विनंती आहे, दहाव्या लेण्यात थांबा. हे चैत्यगृह सातवाहन काळातील, इसवी सनापूर्वी दुसऱ्या-पहिल्या शतकातील आहे. २८ एप्रिल १८१९ रोजी जॉन स्मिथ नावाचा इंग्रज लष्करी अधिकारी शिकारीला आला असता लेण्यांपाशी पोचला आणि याच लेण्याच्या खांबावर आपले नाव खरडून गेला. तेथे आत अंधार आहे. डोळे सरावायला वेळ द्यावा लागतो. डाव्या भिंतीवर एक राजा आपल्या परिवारासह बोधिवृक्षाची पूजा करतो आहे. आपल्या देशात टिकून राहिलेल्या सर्वांत जुन्या भित्तिचित्रांत याची गणना होते. विचार करा, दोन हजार वर्षांपूर्वीच्या या चित्रात मानाच्या जागी झाड आहे.

उजव्या भिंतीवर छद्दंत जातक आहे. पाली जातकग्रंथातील ही ५१४ वी कथा. हिमालयाच्या पायथ्याशी छद्दंत नावाचे प्रचंड सरोवर होते. मधे स्वच्छ पाणी, त्याभोवती कमळांचे आणि कुमुदांचे पट्टे, त्यापलीकडे भात, ऊस, केळी, फणस, आंबे. सरोवराच्या एका अंगाला एक महावृक्ष होता, वडाचा. त्याच्या हजारो पारंब्या जमिनीत रुजल्या होत्या. हत्तींचा राजा पावसाळ्यात गुहेत आणि उन्हाळ्यात कळपासह या वडाखाली राही. त्याच्या दोन राण्या. एकदा त्याने फुललेल्या शालवृक्षाला धडक दिली. एका राणीच्या अंगावर फुले पडली. धाकटीच्या अंगावर मात्र वाळक्या काटक्या, पाने आणि तांबड्या मुंग्या पडल्या. तिने तो अपमान धरून ठेवला. पुढे ती काशीची राणी झाली आणि तिने शिकाऱ्याला त्या हत्तीचे सुळे आणायला पाठवले. शिकाऱ्याने काषाय वस्त्र पांघरून बाण मारला. हत्ती त्याला चिरडणार होता, पण अंगावरचे काषाय पाहून थांबला. शिकाऱ्याला सुळे कापणे जमेना, तेव्हा हत्तीने सोंडेत करवत धरून आपणच कापून दिले. राणीने ते सुळे पाहिले आणि तिचे काळीज फुटले.

जातकांतील पूर्वजन्मांच्या गोष्टी आम्ही जशाच्या तशा घेत नाही, आणि आमच्या वाचकांनीही घेऊ नयेत. पण कथा सांगणाऱ्याने राग कसा साठतो हे अचूक ओळखले होते, आणि चित्रकाराने वड कसा वाढतो हे ओळखले होते. आम्हाला दुसरी गोष्ट सांगायची आहे.

चित्राचा रंग बराच गेला आहे. तरी पाहता येते, ते असे. वडाखाली हत्तींचा कळप आहे, पाण्यात कमळे आहेत आणि कमळांत हत्ती आहेत. क्षितिजाची रेघ नाही. दूरचे लहान, जवळचे मोठे असा हिशेब नाही. झाड समोरून दिसते, तळे जणू वरून. आपल्या शाळेत निसर्गचित्र म्हणून जे शिकवतात, ते येथे काहीच नाही. पण पान पाहिले की झाड ओळखू येते. अजिंठ्याच्या सगळ्या लेण्यांत हीच रीत आहे. वडाचे पान वडाचे, आंब्याचे आंब्याचे, केळीचे केळीचे. गडद पार्श्वभूमीवर एकेक पान वेगळे काढलेले, झुपक्याझुपक्याने. “हिरवा रंग थापला की झाड झाले” हा आळस त्यांनी केलेला नाही.

ती मुलगी कठड्याला टेकून बराच वेळ पाहत होती. तिची आई म्हणाली, “चल गं, सगळे पुढं गेले.” ती म्हणाली, “आई, यांनी पण काळंच केलंय.”

आम्ही ऐकले आणि गप्प बसलो.

तिथून सतराव्या लेण्यात गेलो. हे लेणे पाचव्या शतकातले, वाकाटक राजा हरिषेणाच्या काळातले. येथे छद्दंताची कथा पुन्हा आहे, पण नव्या हाताने, अधिक सफाईने काढलेली. आणि येथेच महाकपी जातक आहे, पाण्याकाठच्या झाडाची दुसरी मोठी गोष्ट. गंगेच्या काठी आंब्याचे जुने झाड. त्याचा एक आंबा पाण्यात पडून वाहत काशीच्या राजापर्यंत गेला. राजा धनुर्धारी घेऊन आला. वानरांच्या राजाने वेताची दोरी बांधून, ती अपुरी पडली तेथे आपले शरीर लावून पूल केला आणि ऐंशी हजार वानरे पार नेली. चित्रात नदी आहे आणि नदीत मासे आहेत. आमच्याबरोबरच्या पोरांनी मासे मोजायला सुरुवात केली. पहारेकऱ्याने त्यांना पुढे हाकलले, नाही तर तेथेच संध्याकाळ झाली असती.

रंग कुठून आले?

मुले आम्हाला विचारत होती, एवढे रंग त्या काळी दुकानात मिळत होते का? नाही. या भिंतींवर आधी चिखलाचा गिलावा आहे. माती, दगडाचा चुरा, भाताचा कोंडा, गवत आणि झाडपाल्याचे तंतू. त्यावर पांढऱ्या मातीचा किंवा चुन्याचा पातळ हात. तो वाळल्यावर डिंक किंवा सरसासारख्या चिकट द्रव्यात कालवलेले रंग. तांबडा म्हणजे गेरू. पिवळा म्हणजे पिवळी माती. काळा म्हणजे काजळी. हिरवा म्हणजे आपल्याच काळ्या पाषाणाच्या पोकळ्यांत सापडणारी हिरवट माती. एवढे सगळे येथल्या मातीतले. परका होता तो निळा. नंतरच्या लेण्यांतील हा निळा अफगाणिस्तानच्या बदख्शान भागातील राजवर्ती दगडाचा, व्यापाऱ्यांनी आणलेला. आणि गंमत अशी की पूर्वी घरोघरी धुतलेल्या कपड्यांना जी निळीची पूड घालत, तिच्यातला रंग हाच, फक्त कारखान्यात बनवलेला.

गिलाव्याची गोष्ट निघालीच आहे तर वेरूळचेही सांगतो. पुरातत्त्व खात्यातील रसायनतज्ज्ञ आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठातील वनस्पतिशास्त्रज्ञ यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात वेरूळच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तंतू मिसळलेले आढळले. त्याला कीड लागत नाही. अजिंठ्याच्या गिलाव्यात हे तंतू नाहीत आणि तेथे किड्यांनी बरीच चित्रे खाल्ली. कोणता पाला कुठे घालावा हे ज्ञान वेरूळच्या गवंड्याला होते. त्याचे नाव कोणत्याही शिलालेखात नाही.

नकलांचे नशीब तर भिंतींहूनही वाईट. रॉबर्ट गिल नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने १८४४ पासून वर्षानुवर्षे अजिंठ्यात राहून चित्रे उतरवली. त्यातील बहुतेक १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेली. नंतर मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे ग्रिफिथ्स यांनी १८७२ ते १८८५ या काळात आपल्या विद्यार्थ्यांकडून पुन्हा नकला करून घेतल्या. त्यातल्याही पुष्कळ १८८५ मध्ये लंडनलाच जळाल्या. पुढे निजाम सरकारने इटलीहून कारागीर आणून मूळ चित्रांवर लाखेचे रोगण लावले. ते पिवळे पडून चित्रे झाकली गेली आणि अलीकडच्या काळात ते हलक्या हाताने काढावे लागले. तरी दहाव्या लेण्यातील वड अजून भिंतीवर आहे.

झाड काढणारे आणि झाड तोडणारे

पाण्याकाठचे झाड काढणारे पुढेही झाले. कोल्हापूरचे आबालाल रहिमान हे राजर्षी शाहू महाराजांच्या दरबारचे चित्रकार. दरबारी व्यक्तिचित्रांत त्यांना सुखाने राहता आले असते, पण ते कोटितीर्थाच्या तळ्याकाठी बसत. तेच पाणी, तीच झाडे, सकाळी वेगळी, संध्याकाळी वेगळी. १९३१ मध्ये ते गेले. तळ्याकाठी बसून एकच जागा शंभर वेळा काढणाऱ्या माणसाला तेव्हाही लोक वेडा म्हणाले असतील, असा आमचा अंदाज आहे.

फ्रान्समध्ये थिओडोर रूसो नावाचा चित्रकार होता. शिंप्याचा मुलगा. पॅरिसजवळच्या फाँतेनब्लोच्या जंगलात तो जुने ओक वृक्ष आणि त्यांच्यामधली डबकी, दलदली रंगवत राही. प्रदर्शनवाले वर्षानुवर्षे त्याची चित्रे परत पाठवीत. जंगलातील जुनी झाडे तोडायला सुरुवात झाली तेव्हा त्याने झाडे तोडण्याचे एक चित्र काढले आणि त्याला नाव दिले, ‘निष्पापांची कत्तल’. त्याने सम्राटाकडे अर्ज केला. १८५३ मध्ये जंगलाचा सहाशेहून अधिक हेक्टर भाग तोडीतून वगळण्यात आला आणि १८६१ मध्ये सरकारी फर्मानाने सुमारे अकराशे हेक्टर राखले गेले. अमेरिकेतील यलोस्टोनचे प्रसिद्ध राष्ट्रीय उद्यान झाले १८७२ मध्ये. म्हणजे त्याच्या आधी अकरा वर्षे चित्रकारांनी जंगल वाचवले होते. झाड काढणे हे रिकामटेकड्यांचे काम आहे असे म्हणणाऱ्यांना हे जरूर सांगावे.

आणि आपल्याकडे? सम्राट अशोकाने आपल्या सातव्या स्तंभलेखात लिहून ठेवले आहे की माणसांना आणि जनावरांना सावली मिळावी म्हणून त्याने रस्त्यांच्या कडेने वड लावले आणि आमराया लावल्या. दोन हजार दोनशे वर्षांहून जुनी गोष्ट. वडच का? तो दीर्घकाळ टिकतो आणि त्याखाली अख्खा तांडा बसू शकतो. आमच्या लहानपणी गावोगावच्या रस्त्यांवर अशा झाडांच्या कमानी होत्या. रस्ते रुंद झाले आणि त्या गेल्या. रस्ता नको असे आम्ही म्हणत नाही. कामावर जाणाऱ्याला रस्ता लागतो, दवाखान्यात नेणाऱ्याला लागतो. पण तोडलेल्या झाडाच्या जागी नवे लावल्याचा कागद होतो आणि झाड होत नाही, हे सर्वांनी पाहिले आहे.

घरच्या घरी

सहलीहून परतताना गाडीत मुलांनी हट्ट धरला की आम्हालाही तसे रंग करायचे आहेत. आम्ही पुढच्या रविवारी करमाडला गेलो आणि केले. खर्च चहापाण्याइतका. ज्यांना करायचे असतील त्यांच्यासाठी लिहितो.

बाभळीचा डिंक रात्री कोमट पाण्यात भिजत घालावा आणि सकाळी फडक्याने गाळून घ्यावा. त्यात मधाचा एक थेंब टाकला तर रंग वाळून तडकत नाही. गेरू आणि पिवळी माती वरवंट्याने बारीक वाटून वस्त्रगाळ करावी. दिव्यावर ताटली धरून काजळी घ्यावी. पांढऱ्यासाठी खडू चालतो. एकेक रंग डिंकाच्या पाण्यात बोटाने घोटावा, दाणा लागेनासा होईपर्यंत. हिरवी माती मिळाली नाही म्हणून आम्ही निळीची पूड आणि पिवळी माती मिसळली. काळपट हिरवा आला, आणि उंबराच्या पानाचा रंग तसाच असतो. वरवंटा मात्र स्वयंपाकाचा घेऊ नये. आमच्या एका बालमित्राने घेतला आणि आईचा प्रसादही घेतला.

मग सगळे ओढ्यावर गेलो. झाडासमोर बसून काढायचे, पाठांतराने नाही, एवढीच अट. पहिला अर्धा तास कोणी रंगाला हात लावायचा नाही, फक्त बघायचे. मुलांनीच शोधून काढले की झाडाचे खोड तपकिरी नसते. बाभळीचे जवळजवळ काळे, लिंबाचे राखी, उंबराचे फिकट, ठिकठिकाणी फळांच्या झुपक्यांनी भरलेले. पाण्यातली सावली झाडाच्या बरोबर खाली उभी पडते, तिरपी नाही. सावली झाडापेक्षा अंधारी असते. आणि डबक्याचे पाणी निळे नसते. वर ढग असेल तर राखी, काठ जवळ असेल तर मातकट. नारळ एकाही चित्रात आला नाही.

सरकारी चित्रकला ग्रेड परीक्षांना, म्हणजे एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटला, आपल्या मुलांनी बसावे असे आम्हाला फार वाटते. इंटरमिजिएटच्या श्रेणीवर दहावीला वाढीव गुण मिळतात, ही गोष्ट अनेक पालकांना माहीतही नसते. स्मरणचित्राच्या पेपरात जे मूल ओढ्यावर बसून आले आहे त्याचा हात अडत नाही. चित्रकलेने पोट भरत नाही असे शाळेत कोणी म्हणाले तर वाद घालू नये, परीक्षेचा अर्ज भरून मोकळे व्हावे. अजिंठ्याला जाणार असाल तर सोमवारी जाऊ नका, लेणी बंद असतात. चित्रांवर फ्लॅश मारू नका आणि दहाव्या लेण्यात घाई करू नका.

त्या मुलीने त्या दिवशी पुन्हा तोच उंबर काढला. आम्ही तिच्याजवळ जाऊन बसलो आणि एप्रिलमधले आमचे उत्तर परत घेतले, तिच्या आईच्या देखत. ती लाजली. चित्रात मुळ्या होत्या, चिखल होता, सावली होती. या वेळी बुंध्यावर चुन्याने रंगवलेला एक आकडाही होता, तोडणीच्या झाडांवर घालतात तसा. आम्ही मान वर करून पाहिले, तर झाडावर तो खरेच होता. एप्रिलमध्ये नव्हता.

आम्ही विचारले, “हा नसता काढला तर चित्र जास्त छान दिसलं नसतं का?”

ती म्हणाली, “दिसायलाय ना सर, मग कसं सोडू?”